क्युल तिगीनचा स्तंभ वाचायचा कसा

मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यातल्या क्युल तिगीन या तुर्की राजपुत्राच्या, आठव्या शतकातल्या स्मारकस्तंभाचा फोटो पाहून तीन प्रश्न विचारले गेले आहेत. ही व्हायकिंगांच्या रून लिपीसारखी अक्षरं तिथे कशी पोचली? किल्ली हाताशी नसताना ती वाचली कोणी आणि कशी? आणि हा आपल्या वीरगळासारखाच प्रकार म्हणायचा का? शिलालेखांचे ठसे घेणं, ते वाचणं आणि नव्या मुलांना वाचायला शिकवणं हेच माझं काम आहे. ओर्खोनचे लेख मी प्रकाशित ठशांवरून आणि छायाचित्रांवरून वाचत आलो आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. पण हा दगड एकाच बाजूने वाचला तर तो फसवतो. त्याच्या चार बाजू आहेत आणि त्या सगळ्या एकच गोष्ट सांगत नाहीत.

आधी ठिकाण. अर्खांगाय प्रांतात, चंगेजखानाच्या वंशजांची राजधानी असलेल्या काराकोरमच्या उत्तरेला, खोशू त्सायदाम नावाचा मोकळा गवताळ प्रदेश आहे. तिथे दोन भावांची स्मारकं एकमेकांपासून साधारण एक किलोमीटरवर आहेत. धाकटा क्युल तिगीन, सेनापती. थोरला बिल्गे खागान, राजा. धाकटा २७ फेब्रुवारी ७३१ रोजी, ४७ व्या वर्षी वारला आणि थोरल्याने ७३२ मध्ये त्याचा स्तंभ उभारला. पुढे ७३४ मध्ये थोरल्याला त्याच्याच एका मंत्र्याने विष घातलं, आणि ७३५ मध्ये मुलाने त्याचाही स्तंभ उभारला. तोन्युकुक या वृद्ध प्रधानाचे दोन स्तंभ इथून बरेच पूर्वेला, आजच्या उलानबातरजवळच्या नालायखपाशी आहेत. ओर्खोन खोरं २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं.

क्युल तिगीनचा दगड सव्वातीन मीटरहून थोडा उंच आहे. तो दगडी कासवाच्या पाठीत खोबण करून उभा केला होता. माथ्यावर ड्रॅगन आहेत आणि पूर्वेच्या अंगाला वरती राजघराण्याची खूण, म्हणजे रानबोकडाची रेखाकृती. पूर्वेला तुर्कीच्या ४० ओळी, उत्तरेला आणि दक्षिणेला प्रत्येकी १३, कोपऱ्यांच्या कडांवर आणखी काही, आणि पश्चिमेचं पूर्ण अंग चिनी.

आता पहिला प्रश्न. व्हायकिंगांशी या लिपीचा काहीही संबंध नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सायबेरियात येनिसेई नदीकाठी अशाच अक्षरांचे लहान लेख सापडले. मेसरश्मिट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने ते १७२१ मध्ये नोंदवले. त्याच्यासोबत फिरलेला श्ट्रालेनबर्ग हा स्वीडनच्या फौजेतला अधिकारी होता, पोल्ताव्हाच्या लढाईनंतर रशियनांच्या कैदेत पडलेला. त्याने १७३० मध्ये चित्रं छापली. उत्तर युरोपातल्या वाचकांना ती आपल्या रून अक्षरांसारखी वाटली आणि तेच नाव चिकटलं. कठीण पृष्ठभागावर कोरायचं तर सरळ आणि तिरप्या रेघाच सोप्या जातात, त्यामुळे कोरीव लिप्या एकमेकींसारख्या दिसू लागतात. दिसण्यावरून नातं जोडू नये, हे आमच्या कामात पहिल्या आठवड्यातच शिकवतात. यातल्या बऱ्याच अक्षरांचं मूळ अभ्यासक पश्चिम आशियातल्या जुन्या अरमाईक कुळातल्या लिपीत शोधतात. रेशीममार्गावरच्या सोग्दी, म्हणजे समरकंद-बुखाराकडच्या, व्यापाऱ्यांमार्फत ती तुर्कांपर्यंत आली, असं मानणारे पुष्कळ आहेत. सगळ्या अक्षरांचा हिशेब मात्र त्याने लागत नाही.

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

१८८९ मध्ये निकोलाय याद्रिन्त्सेव या रशियन संशोधकाला खोशू त्सायदामचे दगड सापडले. १८९० मध्ये हाइकेलच्या नेतृत्वाखाली फिनलंडचं पथक गेलं, १८९१ मध्ये राडलोव्हचं रशियन पथक. दोन्ही पथकांनी ठसे आणि छायाचित्रं मोठ्या चित्रसंग्रहांतून १८९२ मध्ये छापली. कोपनहेगनमधला भाषाशास्त्राचा प्राध्यापक विल्हेल्म थॉमसन ओर्खोनला कधीच गेला नाही. त्याने हे छापील संग्रह समोर ठेवून लिपी फोडली आणि १५ डिसेंबर १८९३ रोजी डॅनिश विज्ञान अकादमीत जाहीर केली.

दगडावर चिनी मजकूर होता, मग सोपंच होतं, असं वाटेल. तसं नव्हतं. पश्चिमेचा चिनी मजकूर हे तुर्की मजकुराचं भाषांतर नाही. तो चीनच्या तांग घराण्यातला सम्राट श्युआनझोंग याने स्वतः रचलेला वेगळाच लेख आहे. ओळीला ओळ लावायला गेलं की काहीच जुळत नाही. चिनी बाजूने एवढंच मिळालं की हे स्मारक कोणाचं आणि कधीचं.

थॉमसनने मोजणीपासून सुरुवात केली. वेगवेगळ्या खुणा ३८ च्या आसपास. शब्दाशब्दाला चिन्ह असणाऱ्या लिपीला या फारच थोड्या, व्यंजन-स्वराच्या जोडीला एक चिन्ह असणाऱ्या लिपीलाही कमी, आणि साध्या वर्णमालेला जरा जास्त. शब्दांच्या मधे दोन टिंबं होती, त्यामुळे शब्द सुटे करता आले. ओळी उजवीकडून डावीकडे जातात हे त्याने ठरवलं. मग कोणती खूण कोणत्या खुणेच्या शेजारी येते आणि कोणत्या शेजारी कधीच येत नाही, याची त्याने पाहणी केली. काही खुणांचे दोन गट पडत होते. एका शब्दात सहसा एकाच गटातल्या खुणा सापडायच्या.

त्याचं कारण भाषेत आहे. तुर्की शब्दात स्वर एकमेकांशी जमवून घेतात. शब्दातले स्वर एकतर सगळे जिभेच्या मागच्या भागातले किंवा सगळे पुढच्या भागातले. ही लिपी ते व्यंजनांवरूनच दाखवते: ब, द, ग, ल, न, र, स, त, य यांना प्रत्येकी दोन चिन्हं, एक मागच्या स्वरांसोबतचं, एक पुढच्या. वर्णमालेला खुणा जास्त का, याचं हेच उत्तर. उलट आठ स्वरांना चिन्हं फक्त चार. आणि 'अ' किंवा 'ए' शब्दात असला तरी पुष्कळदा लिहितच नाहीत. व्यंजनात 'अ' गृहीत धरायची आपल्याला सवय असते, म्हणून मराठी माणसाला हे लवकर पचतं. फक्त इथे तो 'अ' आहे की 'ए' हे व्यंजनाच्या रूपावरून ओळखायचं असतं.

मग नावं. राजपुत्राचं नाव चिनी बाजूवरून माहीत होतं. एका दगडावर वारंवार येणारा आणि दुसऱ्यावर क्वचित येणारा शब्दगट शोधला तर तो क्युल तिगीन निघणार. दोन्ही दगडांवर सारखाच येणारा एक छोटा शब्द 'तेंग्री' निघाला, म्हणजे आकाश, आणि आकाशातला देव. त्यातून मिळालेली अक्षरं लावल्यावर 'त्युर्क' वाचता आला. भाषा तुर्की आहे हे कळल्यावर बाकीची अक्षरं भराभर जागेवर बसली. राडलोव्हने थॉमसनची किल्ली मिळताच १८९४ मध्ये घाईने पहिलं भाषांतर छापलं. थॉमसनचं स्वतःचं वाचन १८९६ मध्ये आलं. आजही मी विद्यार्थ्याला आधी थॉमसनच वाचायला सांगेन, कारण त्याने कुठे खात्री आहे आणि कुठे नाही हे वेगळं ठेवलं.

एक तपशील इथेच सांगून ठेवतो. क्युल तिगीनच्या पदवीचं, म्हणजे 'तिगीन' (राजपुत्र) या शब्दाचं, दुसरं चिनी अक्षर तांग काळाच्या इतिहासग्रंथांत नकलताना बदललं होतं, आणि पुढची शतकं चुकीचंच लिहिलं जात होतं. तेराव्या शतकात येलू झू नावाच्या मंगोल दरबारातल्या विद्वानाने हा दगड पाहिला आणि ग्रंथ चुकला आहे, दगड बरोबर आहे, असं नोंदवलं. पोथीची नक्कल करताना चूक शिरते, तशी कोरलेल्या दगडात मागाहून शिरत नाही. आमचा दगडांवर भर असतो तो याचसाठी.

आता दगडावर आहे काय.

पूर्वेची बाजू सुरू होते ती अशी: वर निळं आकाश आणि खाली काळपट धरती घडली तेव्हा त्या दोहोंमध्ये माणसाची लेकरं घडली, आणि त्यांच्यावर माझे पूर्वज बुमीन आणि इस्तेमी खागान बसले. बोलतो आहे तो जिवंत थोरला भाऊ, बिल्गे खागान. पुढे वैभव, मग ऱ्हास. ६३० मध्ये पूर्वेकडचं तुर्की राज्य तांगांच्या हाती गेलं. त्या पन्नास वर्षांबद्दल दगड म्हणतो की सरदारांची मुलं चिन्यांचे गुलाम झाली, मुली दासी झाल्या, आणि तुर्की सरदारांनी आपली नावं टाकून चिनी नावं घेतली. मग बाप इल्तेरिश खागान १७ माणसं घेऊन निघाला, ७० झाली, ७०० झाली, आणि राज्य पुन्हा उभं राहिलं. हे ६८२ चं. वरून आकाश कोसळलं नाही, खालून धरती फाटली नाही, तर तुर्क लोकहो, तुमचं राज्य आणि तुमचा कायदा कोण मोडू शकलं असतं, असा सवाल तो आपल्याच लोकांना करतो. दोष तो लोकांवर आणि बेतालपणे वागलेल्या वारसांवर ठेवतो.

दक्षिणेची बाजू तर थेट इशारा आहे. ताबगाच, म्हणजे चिनी लोक, सोनं, चांदी, रेशीम मोजमाप न ठेवता देतात. त्यांचं बोलणं गोड, त्यांचं रेशीम मऊ. त्या गोड बोलण्याने आणि मऊ रेशमाने दूरच्या लोकांना जवळ ओढतात आणि जवळ आले की वाईट योजतात. तुर्कांच्या पवित्र ओत्युकेन डोंगरात राहा, तिथून तांडे पाठवत राहा, म्हणजे तुमचं राज्य टिकेल. पोट भरलं की तुम्हाला भुकेची आठवण राहत नाही, असंही तो सुनावतो.

आणि त्याच दगडाच्या पश्चिमेला तांग सम्राट बाप-लेकाच्या नात्याची आणि दोन दरबारांच्या स्नेहाची भाषा करतो. एका अंगावर स्नेह, दुसऱ्या अंगावर त्याच स्नेहापासून सावधगिरी. आणखी एक गुंता आहे. दक्षिणेच्याच बाजूला बिल्गे अभिमानाने सांगतो की मी चिनी सम्राटाकडून कारागीर मागवले, त्याने माझा शब्द मोडला नाही, आपल्या अंतःपुरातले कारागीर पाठवले, आणि मी त्यांच्याकडून खास वास्तू बांधवून आतबाहेर चितारून घेतली. स्तंभ चिनी घडणीचा, कासव चिनी रिवाजाचं, पाथरवट चिनी, आणि मजकूर त्यांच्यापासून जपून राहायला सांगणारा. मला यात ढोंग दिसत नाही. मोठ्या शेजाऱ्याचं कसब घ्यायचं, त्याची मान्यता सगळ्या जगाला दिसेल अशी दगडावर मिरवायची, आणि आपल्या माणसांना आपल्या भाषेत खरं सांगायचं, असं हे ठरवून केलेलं राजकारण आहे. फक्त तुर्की बाजू वाचणारा याला राष्ट्रवादी जाहीरनामा समजतो आणि फक्त चिनी बाजू वाचणारा मांडलिकाचं स्मारक. दोन्ही वाचनं अपुरी आहेत.

दगड काय सांगत नाही, तेही वाचायला हवं. ७१६ मध्ये काका काप्गान खागान मारला गेला तेव्हा क्युल तिगीनने काकाच्या मुलाला आणि त्याच्या बाजूच्या माणसांना ठार करून थोरल्या भावाला गादीवर बसवलं. हे चिनी इतिहासग्रंथांतून कळतं. दगडावर मात्र तुर्कांचं नाव नाहीसं होऊ नये म्हणून तेंग्रीने मला बसवलं, एवढंच. भावाचं सर्वांत मोठं उपकार-काम भावाच्याच स्मारकावर नाही.

जे आहे ते मात्र फार जिवंत आहे. उत्तरेला आणि पूर्वेच्या उत्तरार्धात क्युल तिगीनच्या लढाया वयानुसार येतात, आणि प्रत्येक लढाईत घोडा कोणता ते नोंदवलेलं आहे. २१ व्या वर्षी चाचा सेंग्युन या चिनी सेनापतीशी लढताना आधी तादिक चोरचा राखाडी घोडा, तो तिथेच मेला. मग इश्बारा यामतारचा राखाडी, तोही मेला. मग यिगेन सिलिग बेगचा तांबूस घोडा, तोही. चिलखतावर शंभरावर बाण लागले, चेहऱ्याला एकही लागला नाही. नंतर एकदा शत्रू थेट छावणीवर आला तेव्हा तो ओग्सिझ नावाच्या पांढऱ्या घोड्यावर बसला, नऊ जणांना भोसकलं आणि छावणी सोडली नाही. तो नसता तर माझी आई, सावत्र आया, वहिन्या, सुना गुलाम झाल्या असत्या, नाहीतर वाटेवर मरून पडल्या असत्या, असं बिल्गे लिहवून घेतो. त्यानंतर विलाप: पाहणारे माझे डोळे जणू पाहीनासे झाले, जाणणारी माझी बुद्धी जणू जाणेनाशी झाली. काळ तेंग्री ठरवतो, माणसाची लेकरं सगळी मरण्यासाठीच जन्मली. राज्यकर्त्याने स्वतःच्या नावाने इतकं उघड दुःख दगडावर कोरवलेलं मी फारसं कुठे वाचलेलं नाही.

मजकूर लिहिला तो घराण्यातल्याच योल्लुग तिगीनने. २० दिवस बसून लिहिलं, असं तो स्वतः नोंदवतो. चिनी बाजूची तारीख १ ऑगस्ट ७३२ येते आणि तुर्की बाजूची २१ ऑगस्ट. अंतर बरोबर २० दिवसांचं. जोडणी लावायचा मोह होतो, पण मी त्यावर काही उभारणार नाही.

तारखा वाचताना एक सापळा आहे. वर्षं बारा प्राण्यांच्या चक्रात दिलेली आहेत. मृत्यू मेंढीच्या वर्षात, स्तंभ माकडाच्या वर्षात. संख्या पुढच्या दशकाच्या अंगाने बोलतात, 'सात वीस' म्हणजे विसाकडे जाताना सातवा, म्हणजे १७. २७ नव्हे. २७ ला 'सात तीस' म्हणतात. नवशिक्याचा हिशेब इथे दहा दिवसांनी चुकतो.

आता वीरगळ. साम्य आहे: लढून गेलेल्या माणसाचा दगड, आणि लढाईची चित्रं. क्युल तिगीनच्या वास्तूच्या भिंतींवर त्याच्या लढाया रंगवल्या होत्या असं चिनी ग्रंथ सांगतात. पण वीरगळावर सहसा खालून वर एकेक पट्टी जाते, लढाई, मग अप्सरांसोबत स्वर्गाकडे प्रवास, मग शिवपूजा. इथे स्वर्गाची पट्टीच नाही. सगळा मजकूर मागे राहिलेल्यांना उद्देशून आहे. दुसरा फरक 'बालबाल' दगडांचा. स्मारकापासून पूर्वेला जवळपास तीन किलोमीटर साध्या उभ्या दगडांची रांग जाते. हे दगड मारलेल्या शत्रूंचे. इल्तेरिशसाठी बाज खागानचा बालबाल सर्वांत पुढे उभारला, असं लेखातच आहे. वीरगळ आपल्या माणसाचा असतो, बालबाल हरवलेल्या वैऱ्याचा.

वीरगळाच्या मनोवृत्तीला जवळचे लेख हवे असतील तर येनिसेई काठचे पाहा. तिथे मेलेला माणूस स्वतः बोलतो. बायकोपासून, मुलांपासून, माझ्या लोकांपासून मी वेगळा झालो, माझं मन भरलं नव्हतं. दोन-चार ओळी, बस. त्या वाचून क्युल तिगीनकडे आलं की ओर्खोनचा दगड किती मोठ्या सभेसमोर बोलतो ते कळतं. अंत्यविधीला कोण आलं याची यादीच आहे: खितान, चिनी, तिबेटी, सोग्दी आणि बुखाराचे, किर्गिझ.

भारताशी खरा धागा याच परिसरातल्या एका जुन्या स्तंभाशी आहे. १९५६ मध्ये सापडलेला बुगुत स्तंभ सहाव्या शतकाच्या शेवटचा, पहिल्या तुर्की राज्याचा. त्याच्या तीन बाजूंवर सोग्दी आहे आणि चौथीवर ब्राह्मी. नाणेघाट आणि कार्ले ज्या लिपीत कोरले गेले तिचीच मध्य आशियात वळण घेतलेली शाखा. ती बाजू फार झिजली आहे. संस्कृत असणार असं बरीच वर्षं समजलं जात होतं. अलीकडच्या वाचनात भाषा मंगोल कुळाजवळची निघाली. त्या काळच्या तास्पार खागानच्या दरबारात गंधारचा भिक्षू जिनगुप्त सुमारे दहा वर्षं राहिला होता. दीड शतकानंतर बिल्गे खागानलाही तटबंदीचं नगर आणि बौद्ध-ताओ मंदिरं बांधायची होती, तेव्हा तोन्युकुकने त्याला अडवलं. आपण थोडे आहोत, फिरते राहिलो म्हणून टिकलो, भिंतीत बसलो तर एका पराभवात संपू, हा त्याचा युक्तिवाद चिनी ग्रंथांत आहे. म्हणूनच ओर्खोनच्या लेखांत बुद्ध नाही, तेंग्रीच आहे. राज्य मात्र त्यानंतरही फार टिकलं नाही. बिल्गेच्या स्तंभानंतर दहा वर्षांत उईघुर टोळ्यांनी ते संपवलं.

ज्यांना प्रत्यक्ष वाचायला शिकायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. मूळ दगड आता खोशू त्सायदामच्या संग्रहालयात आत हलवले आहेत आणि मैदानात प्रतिकृती आहेत. म्हणजे उघड्यावर काढलेला फोटो कधीचा आहे ते आधी तपासा. राडलोव्हच्या संग्रहात हाताने ठळक केलेले ठसे आहेत. ते सुबक दिसतात, पण झिजलेल्या जागी वाचणाऱ्याचा अंदाज रेघ बनून बसलेला असतो. शंका आली की न सुधारलेला ठसा किंवा तिरप्या उजेडातलं छायाचित्रच घ्यावं. बिल्गेचा स्तंभ तुटून तुकडे झालेला असला तरी बाजूला सारू नका. क्युल तिगीनच्या पूर्वेच्या बाजूचा मोठा भाग त्यावर जवळपास शब्दशः पुन्हा आला आहे, त्यामुळे एकावर झिजलेली ओळ दुसऱ्यावरून भरता येते. अशी जोडी मिळणं ठसेवाल्यासाठी भाग्य. तोन्युकुक शेवटी ठेवा. त्याची भाषा बोलण्याच्या जवळची आणि म्हणींनी भरलेली आहे: पातळ असताना भोसकणं सोपं, बारीक असताना मोडणं सोपं, जाड झालं की अवघड.

ही अक्षरं २००९ पासून युनिकोडमध्ये आहेत, फाँट मोफत मिळतात. सुरुवात पूर्वेच्या पहिल्या ओळीपासून करा. उजवीकडून मोजत तिसरा शब्द घ्या, दोन टिंबांच्या मधला. चार अक्षरं दिसतील: पुढच्या स्वरांचा त, मग नाकातला ङ, पुढच्या स्वरांचा र, आणि शेवटी इ. पहिला 'ए' लिहिलेला नाही, तो त्या 'त'च्या रूपावरून तुम्हीच भरायचा. तेंग्री वाचता आलं की डावीकडे पुढच्या शब्दाला जा.